लस, हट्ट आणि हळहळ

चौकात श्रद्धांजलीचा नवा फलक लागतो. फोटोतला माणूस जेमतेम चाळिशीचा, तालमीत अंग कमावलेला, गळ्यात भगवा पंचा, खाली ‘सर्व मित्रपरिवार’. कारण हार्ट अटॅक. दिवस मावळायच्या आत कट्ट्यावर निकाल लागलेला असतो : “लसीनं गेला. दोन्ही डोस घेतल्यालं की भावानं.” बोलणाऱ्याच्या आवाजात दुःख असतंच, नाही असं नाही, पण त्या दुःखाच्या मागून आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधानही डोकावत असतं. हेच समाधान २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूला होतं. तेव्हा कुणी गेल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ‘लस घेतली होती का?’ हा असायचा, आणि उत्तर ‘नाही’ आलं की विचारणारा मोकळा व्हायचा. ‘सांगितलं होतं. ऐकलं नाही. भोगा.’ माणसं तीच, गल्ली तीच, फक्त बाजू पालटल्या. आणि या दोन्ही बाजू गेली काही वर्षं एकाच प्रश्नावर भांडत आहेत : लसीबाबत ज्यानं आपल्या उलट निर्णय घेतला, त्याच्यासाठी हळहळावं का?

माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि ते भाबडेपणातून आलेलं नाही. लस घ्यावी असं मी मानतो, घेतली आहे, घरच्यांना दिली आहे, आणि विचारणाऱ्याला घ्यायलाच सांगतो. तरीही न घेतलेल्या माणसाच्या मरणावर ‘बरं झालं’ म्हणणं मला केवळ असभ्य वाटत नाही, ते मला बिनडोकपणाचंही वाटतं. कारण ज्याच्याबद्दल कणव नाही त्याचं कारण आपण ऐकत नाही, आणि ज्याचं कारण ऐकलं नाही त्याचं मत बदलायची सोय उरत नाही.

आधी हार्ट अटॅकचा मुद्दा निकालात काढू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट माणसांच्या अचानक झालेल्या मृत्यूंचा देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला आणि २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लसीमुळे असा मृत्यू येण्याचा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो आधी कोविडनं रुग्णालयात राहून आलेल्यांत, घरात कुणाचा तसाच अचानक मृत्यू झालेल्यांत, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अमली पदार्थ घेतलेल्यांत, आणि त्याच दोन दिवसांत अंग मोडेपर्यंत कष्टाचा व्यायाम केलेल्यांत. (शेवटचं कारण आपल्या कोल्हापूरच्या पेठांतल्या तालमींनी जरा मनावर घ्यावं.) २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या मृत्यूंवरून खुद्द तिथल्या मुख्यमंत्र्यांनी लसीकडे बोट दाखवलं, तेव्हा केंद्रानं याच अभ्यासाचा हवाला दिला. एवढं सांगूनही चौकातला निकाल बदलत नाही. का बदलत नाही? माहिती कमी पडते म्हणून नव्हे. आकडे घेऊन येणारा माणूस काल आपल्याला अडाणी म्हणत होता, हे समोरचा विसरलेला नसतो.

‘निवड’ हा शब्द या वादात फार सैल हातानं वापरला जातो. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. १ एप्रिलला पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना दार उघडलं, १ मे पासून अठराच्या वरच्यांना. दार उघडलं म्हणजे कागदावर उघडलं. मे महिन्यात आमच्या भागातल्या केंद्राबाहेर पहाटे चपला आणि विटा ओळीनं मांडून नंबर धरलेले असायचे, नऊ वाजता आतून आवाज यायचा की आज फक्त दुसरा डोस. कोविनवरचा स्लॉट डोळ्यांची पापणी लवायच्या आत जायचा; तो ज्याला मिळायचा त्याच्याकडे चांगला फोन, जलद नेट आणि घरात एक इंजिनिअर पोरगा असायचा. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, आणि मे च्या मध्यावर एकदम बारा ते सोळा झालं. त्यामागे शास्त्रीय आधार होता असं मी मानतो, पण रांगेतून परत पाठवलेल्या माणसाला तो आधार दिसतो की गोडाऊन रिकामं दिसतं? त्या दिवसांत ‘घेतली नाही’ या एकाच खोक्यात आपण किती तऱ्हेची माणसं कोंबली! मिळाली नाही म्हणून न घेतलेला, परवडली नाही म्हणून न घेतलेला, घाबरून थांबलेला, आणि खरोखर हट्टानं नाकारलेला. मेल्यावर चौघांनाही एकच वाक्य.

लस फुकट होती, मग परवडली नाही म्हणजे काय, असं कुणी विचारेल. माझ्या ओळखीतले एक रिक्षावाले मामा आहेत. त्यांचा हिशेब सरळ होता : टोचलं की दोन दिवस ताप, दोन दिवस रिक्षा उभी, आणि लॉकडाऊनमध्ये थकलेले हप्ते आधीच मानेवर. पण हे झालं बाहेर सांगायचं कारण. आतलं कारण त्यांच्या बायकोनं सांगितलं. तिच्या भावानं एप्रिलमध्ये पहिला डोस घेतला, दोन तास त्या गर्दीत उभा राहून. आणि दहाएक दिवसांत कोविडनंच गेला. पहिल्या डोसनंतर शरीराला तयारी करायला आठवडे लागतात, त्या मुदतीत लागण होऊ शकते, कदाचित त्या रांगेतच झाली असेल, हे सगळं डॉक्टरांना ठाऊक होतं. त्या घराला कोणी सांगितलं नाही. त्यांच्यापुरतं जगात घडलेलं एवढंच : टोचलं आणि माणूस गेला. या घराला ‘विज्ञानविरोधी’ म्हणायला जीभ रेटायची कशी? ऑक्टोबरमध्ये ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरणाची मोहीम निघाली तेव्हा गल्लीतली आशाताई त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. चहा घ्यायची, मेव्हण्याची विचारपूस करायची, जिल्ह्याच्या पाण्यापावसाचं बोलायची आणि उठून जायची. शेवटी मामांनी रविवार बघून डोस घेतला. त्या ताईकडे आयसीएमआरचा अभ्यास नव्हता.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत एक गोष्ट लसवंतांनी विशेष ध्यानात ठेवावी. पंचेचाळीसच्या वरच्यांच्या लसीकरणात कोल्हापूर तेव्हा राज्यात पुढच्या रांगेत होतं. तरी राज्यात दुसरी लाट ओसरली आणि आपल्याकडे ती जून-जुलैपर्यंत रेंगाळली; मुंबई-पुण्याची दुकानं उघडली तेव्हा आपली बंद होती. ‘शहाण्यांना काही होत नाही, हट्टी मरतात’ अशी सोपी गोष्ट सांगायला आपल्याइतका गैरसोयीचा जिल्हा दुसरा नसेल. लसीनं जीव वाचवले, हे खरं. पण कोण वाचलं आणि कोण गेलं याचा निवाडा चारित्र्यावरून झाला नाही.

आता महापुराकडे वळतो, कारण या प्रश्नाचं उत्तर आपण कोल्हापूरकरांनी एकदा देऊन झालेलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्याआधी प्रशासनानं भोंगे लावून सांगितलं होतं, घरं सोडा. प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यातल्या गावागावांत कितीतरी जण निघाले नाहीत. ‘पाणी एवढं येत नाही’, ‘दर साली असंच सांगतात’, ‘२००५ ला पायरीपर्यंतच आलं होतं’. मग माडीवर, पत्र्यावर अडकले. त्यांना काढायला एनडीआरएफच्या, लष्कराच्या, नौदलाच्या बोटी गेल्या, हेलिकॉप्टर गेलं, आणि गावातली पोरं गूळ करायच्या स्वतःच्या काहिली घेऊन गेली. बोटीतल्या माणसांचा जीव धोक्यात पडला नाही का? पडला. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बचावाची नावच उलटली आणि माणसं बुडाली, तेव्हा धोका नुसता तोंडी नव्हता. पण सांगा, बोट पत्र्याला लागल्यावर कुणी विचारलं का, ‘भोंगा ऐकला होता ना? मग का थांबलास?’ दुसऱ्या दिवशी कोल्हापुरानं भाकरी बांधल्या त्या वेळी भाकऱ्यांचे दोन ढीग केले का, वेळेत निघालेल्यांचा एक आणि न निघालेल्यांचा एक?

नंतर विचारलं, हेही खरं, आणि विचारायलाच हवं होतं. तेव्हा कळलं की बहुतेक जण गोठ्यासाठी थांबले होते. दावणीला चार म्हशी असलेल्या माणसाला नुसतं ‘घर सोडा’ सांगणं म्हणजे ‘संसार सोडा’ सांगणं. दूध डेअरीला जातं, त्यावर पोरांची फी जाते. जनावरांची सोय कुठे होणार हे स्थलांतराच्या हुकमात नसेल तर तो माणूस हुकूम पाळणार नाही. त्याचा हिशेब बरोबरच आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा चिखलीची माणसं जनावरांसकट सोनतळीकडे लवकर हलली. २०१९ चा धडा हे एक कारण, दावणीची सोय हे दुसरं. २०१९ ला अडकलेल्यांना आपण ‘मूर्ख’ म्हणून फाईल बंद केली असती तर म्हशीचा मुद्दा कुणाच्या ध्यानात आला असता?

लस आणि पूर यांत फरक आहे, हे मला मान्य. आणि इथं विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो. पत्र्यावर थांबलेला माणूस शेजाऱ्याच्या घरात पाणी सोडत नाही. लस न घेतलेला मात्र रोग पुढे देऊ शकतो. गोवरासारख्या आजारात तर हा मुद्दा बिनतोड आहे. गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी. एक रुग्ण, आसपास कुणाला प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना देतो. तो रोखायला शंभरातल्या पंचाण्णवांना लस लागते. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनी मिळतो. म्हणजे आठ महिन्यांचं बाळ पूर्णपणे शेजारच्यांच्या भरवशावर असतं. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीत, मग मालेगाव-भिवंडीत गोवर उसळला, मुलं दगावली. त्या मुलांनी काय निवडलं होतं? एखादी आई विचारेल की माझ्या बाळाला ज्याच्या हट्टानं गोवर झाला त्याच्यासाठी मी कशाला हळहळू, तर तिला उपदेश करायची माझी हिंमत नाही. तशीच गोष्ट दुसऱ्या लाटेत पीपीई किटमध्ये बारा-बारा तास काढलेल्या नर्सची. तिला राग यायचा अधिकार आहे, आणि तो राग या लेखानं काढून घेतलेला नाही.

पण राग येणं वेगळं आणि रागाचं धोरण करणं वेगळं. ती नर्स चिडून बोलली, तरी हात चालूच ठेवले तिनं. धोरण केलं ते लांबून बघणाऱ्यांनी, ज्यांना ना बाळ होतं ना वॉर्ड. ‘यांना बेड देऊ नका’, ‘यांच्याकडून उपचाराचे पैसे घ्या’ असं लिहिणारे बहुतेक घरी बसलेले होते. शिवाय गोवंडीकडे नीट बघा. तिथं लस चुकलेली मुलं कुणाची होती? कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण विस्कळीत झालं, कामासाठी घरं बदलत फिरणारी कुटुंबं यादीतून निसटली, एकेका खोलीत दहा माणसं. हट्ट होता, अफवाही होत्या. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळांतून गोवर-रुबेला मोहीम निघाली तेव्हाही ‘हे इंजेक्शन पोरं न होण्याचं आहे’ अशी आवई काही वस्त्यांत उठली होती. पण सगळं खापर हट्टावर फोडलं की विस्कळीत झालेली यंत्रणा आपोआप सुटते. सरकारला यापेक्षा स्वस्त सुटका कुठली?

अफवा हवेतून येत नाहीत, त्यांना मुळं असतात. पुण्यात १८९७ ला प्लेग आला तेव्हा प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचे सोजीर घरात, देवघरात, माजघरात शिरले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामान जाळलं गेलं. रोगी शोधणं, वेगळं करणं हे शास्त्राला धरून होतं. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. त्यांनाही रोग्याला दवाखान्यात आणायचंच होतं. टिळकांनी स्वतः प्लेगच्या इस्पितळासाठी खटपट केली. म्हणजे उपायाला विरोध नव्हता, उपाय राबवणाऱ्या बुटांना होता. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पाच वर्षांनी पंजाबात मुलकोवाल गावात त्याच लसीच्या एका बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, नोकरी गेली, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. दोष लसीत नसून बाटली उघडतानाच्या हलगर्जीत होता असं निघालं. पण मुलकोवालच्या शेजारच्या गावातल्या माणसानं १९०३ मध्ये दंड पुढे केला नसेल तर तो अडाणी होता काय? त्याच्या हाती जेवढा पुरावा होता तेवढ्यावर त्यानं बरोबर निर्णय घेतला होता. निर्णय चुकीचा ठरला, माणूस मूर्ख ठरला नाही.

आणि ज्याच्या हाती पुरावा भरपूर होता तरी त्यानं नकार दिला, त्याचं काय? गांधीजींचा देवीच्या लशीला उघड विरोध होता. साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली, मुलं दगावली, तेव्हा ते हादरले. तरी मत सोडलं नाही. माझ्या मते ते सपशेल चुकले, आणि त्या चुकीची किंमत लहान मुलांनी मोजली. गोवंडीच्या आईनं ज्या सुरात बोलावं त्याच सुरात त्या आश्रमातल्या आईनंही बोलावं. पण ‘लस नाकारणारा म्हणजे अडाणी नाहीतर स्वार्थी’ या चौकटीत गांधींना बसवून दाखवा. बसत नाहीत. माणूस एका बाबतीत भयंकर चुकतो आणि बाकी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजतो, हे आपल्या घराघरांतही आहे; रोज लोकांच्या अडीअडचणीला धावणारा आणि लसीचं नाव काढलं की उसळणारा एखादा काका प्रत्येक भावकीत सापडतो.

‘कणव दाखवली की हट्टाला खतपाणी मिळतं’ हा दुसरा आक्षेप. ऐकायला बरोबर वाटतो. पण पोलिओनं त्याचा निकाल लावून ठेवला आहे. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात हजारो घरं थेंब नाकारत होती. नसबंदीचा डाव आहे ही समजूत होती, आणि आणीबाणीतली नसबंदी आठवणारी पिढी जिवंत असताना ती समजूत आकाशातून पडलेली नव्हती. काही गावं म्हणायची, रस्ता नाही, पाणी नाही, दवाखाना नाही, तुम्ही फक्त थेंब घेऊनच कसे येता? तिथं पोलीस पाठवून भागलं नाही. त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघर नेमल्या गेल्या, मशिदीतून इमामांनी सांगितलं, थेंबांबरोबर जुलाबाची औषधं, साबण, ताप-खोकल्याचा दवाखाना गेला. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडलेला रुग्ण देशातला शेवटचा ठरला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपण पोलिओमुक्त झालो. हट्टाला खतपाणी मिळालं असतं तर आजही तिथं पोरं लंगडत असती.

एका ठिकाणी मात्र मी कणव आवरती घेतो. जो अफवेवर विश्वास ठेवतो आणि जो अफवा विकतो, त्यांना मी एका पारड्यात टाकत नाही. स्वतः गुपचूप दोन्ही डोस घेऊन व्यासपीठावरून लसीविरुद्ध गरजणारे, ‘रोगप्रतिकारक’ काढ्याची बाटली चारपट दरानं खपवणारे, मेलेल्या पोराचा फोटो आपल्या व्हिडिओला लावून प्रेक्षक वाढवणारे : यांच्यावर गुन्हे दाखल व्हावेत, परवाने जावेत. ते आजारी पडले तर त्यांनाही ऑक्सिजन मिळावा. त्यापलीकडे माझ्याकडून हळहळीची अपेक्षा त्यांनी ठेवू नये.

आणि नियमांचं काय? कणव वाटते म्हणून नियम सैल सोडा असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ ला हा गुंता बऱ्यापैकी सोडवला : कुणाच्या दंडात जबरदस्तीनं सुई खुपसता येणार नाही, पण साथीच्या काळात लोकहितासाठी प्रमाणशीर बंधनं घालता येतील. प्रमाणशीर, हे महत्त्वाचं. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्याला लस सक्तीची, हे मला पटतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस झालेल्यांनाच लोकलचं दार उघडलं, तेव्हा तरण्या पोरांपैकी कित्येकांचा दुसरा डोस नियमानुसारच अजून व्हायचा होता. एकीकडे डोसांतलं अंतर वाढवायचं आणि दुसरीकडे दोन डोस नाहीत म्हणून पोटापाण्याची गाडी बंद करायची, याला प्रमाण म्हणत नाहीत.

आता आपल्या, म्हणजे लस मानणाऱ्यांच्या, अंगणात या. कणवेचा तुटवडा फक्त समोरच्यांसाठी होता असं नाही. लस घेऊन ज्यांना खरोखर इजा झाली त्यांच्याशी आपण कसे वागलो? कोविशील्डच्या जातीच्या लसीनं क्वचित रक्तात गुठळ्या होतात आणि प्लेटलेट घसरतात, हे युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं. २०२४ मध्ये ती लस काढणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं लंडनच्या न्यायालयात ते कबूल केल्याची बातमी आली तेव्हा इथं गहजब झाला, जणू गुपित फुटलं. गुपित नव्हतं, आपण बोललो नव्हतो. ‘लोक घाबरतील’ म्हणून बोललो नव्हतो. धोका अतिशय दुर्मीळ, कोविडनं मरायच्या धोक्यासमोर किरकोळ, हे सगळं खरं. पण ज्या घरात तो दुर्मीळ प्रसंग घडला त्या घरानं काय करायचं? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की लस घेणं ऐच्छिक होतं, भरपाईची जबाबदारी आमची नाही, हवं तर दिवाणी न्यायालयात जा. फोनच्या कॉलर ट्यूनमधून, प्रमाणपत्रावरच्या फोटोतून, लोकलच्या दारातून ‘घ्या, घ्या’ म्हणणारं सरकार इजा झाल्यावर ‘तुमची मर्जी’ म्हणतं. ब्रिटननं लसीमुळे अपंगत्व आलेल्यांसाठी १९७९ मध्येच कायद्यानं रक्कम ठरवली. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं निधी उभा राहिला. या देशांना लसीवर अविश्वास होता म्हणून नव्हे. सगळ्यांच्या भल्यासाठी जो सुई टोचून घेतो आणि लाखांत एक म्हणून अडकतो, त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून सोसायचा, एवढाच त्यामागचा व्यवहार. लसीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ही मागणी सगळ्यात मोठ्यानं करायला हवी होती. आपण ती विरोधकांच्या हाती सोडली, आणि मग ते ती हातात घेऊन फिरतात याचं नवल करत बसलो.

पंचगंगेच्या स्मशानात अंत्यसंस्कार फुकट होतात. होळी आली की पेठांतली मंडळं, शाळेतली पोरं होळी लहान करून उरलेल्या शेणी (गोवऱ्या) ट्रॉलीनं तिथं नेऊन देतात. दुसऱ्या लाटेत रात्रंदिवस तिथं चिता जळत होत्या आणि लोक शेणी पाठवत होते. शेणी देणाऱ्यानं लसीचं प्रमाणपत्र मागितलं नाही. हे मी गहिवर आणण्यासाठी सांगत नाही. ‘पात्र-अपात्र बघूनच कणव द्यावी’ हे तत्त्व म्हणून मांडणाऱ्यांनी आपल्याच गावाचा रिवाज तपासावा, एवढंच. मेलेल्याला जे देतो ते जित्याला द्यायला हात का आखडतो?

परीक्षा पुढची आहेच. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस द्यावी यावर डॉक्टरांचं एकमत आहे, आणि पुण्यात तयार झालेली देशी लसही आली आहे. ही लस शाळाशाळांत पोचेल तेव्हा पालकसभेत कुणीतरी आई उठून विचारेल : लग्नाआधी पोरीला हे कशाला? पाळीचा त्रास होईल का? मूल होईल ना? मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येईल, तो पहिल्यांदा थांबवावा. मग तिला सांगावं की कर्करोग करणारा विषाणू शरीरात शिरायच्या आधी लस दिली तरच ती पूर्ण काम करते, म्हणून हे वय. मूल होण्याशी तिचा संबंध आढळलेला नाही. आणि खम्ममचं नाव तिनं काढायच्या आत आपण काढावं : २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात एचपीव्ही लस मुलींना देताना वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या संमती म्हणून चालवल्या गेल्या, त्या काळात सात मुली गेल्या, चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही, पण आईबापांना न विचारण्याबद्दल संसदेच्या समितीनं सगळ्यांचे कान उपटले. म्हणूनच बाई, यावेळी कागद तुमच्या हातात आहे, वॉर्डनच्या नाही. एवढं ऐकूनही ती ‘नको’ म्हणाली तर तिचा फोन नंबर घ्यावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं. मुलगी सातवीत आहे, चौदाची व्हायला अजून वेळ आहे.